गुलाबी पिशवी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काल पिशवी केविनच्या हातात दिली.

झालंय एवढंच. लिहून काढलं की अगदी क्षुल्लक दिसतं, पण काल दुपारपासून डोक्यातून जात नाही. अठरा वर्षं झाली, त्या घरातून निघताना आम्ही दारात बूट घालत असलो की मा स्वयंपाकघरातून येतात, हातात चायनाटाऊनची ती गुलाबी प्लास्टिकची पिशवी, दोन कानांची घट्ट गाठ मारलेली, आणि ती पिशवी माझ्या हातात देतात. मुलाच्या, केविनच्या नाही, नातीच्या, रेवाच्या नाही. आत काय आहे ते सांगायचं नाही, ते घरी जाऊन बघायचं. कधी उकडलेली कोंबडी, कधी बांबूच्या पानात बांधलेला भात, कधी नुसतीच संत्री. मी एकदा नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा पुढे करायची, मग मी घ्यायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आमच्या दोघींत बोलणं असं एवढंच होतं. त्यांना इंग्रजी बेताचं, मला त्यांची दक्षिण चीनमधल्या होइसानची बोली औषधालाही येत नव्हती.

काल मी हात पुढे केला होता. त्यांनी बघितलं आणि पिशवी केविनला दिली.

सवयीने झालं असेल, तो जवळ उभा होता, असं मी स्वतःला दहा वेळा सांगून झालं. केविन तर म्हणतो, कुठली पिशवी?

चिंग मिंगचं, म्हणजे पितरांच्या थडग्यांना जायच्या चिनी सणाचं म्हणून सकाळी नऊला कोलमाला पोचलो. दरवर्षीसारखाच वारा. सॅन फ्रान्सिस्कोने १९०० साली शहरात पुरायला बंदी केली तेव्हापासून सगळे मेले की तिकडे जातात. गावात जिवंत माणसं दीडेक हजार आणि जमिनीखाली पंधरा लाख. बांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओल्या फडक्याने थडग्याचा दगड पुसला. मांनी मांडामांड केली, भाजलेलं डुकराचं मांस, डोक्यासकट अख्खी कोंबडी, संत्री, चहाचे तीन पेले, दारूचे तीन. उदबत्त्या लावून एकेकाने तीनदा वाकून नमस्कार केला. पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं. पितृपंधरवड्यातलं पानच हे. फक्त कावळ्यासाठी ताटकळायचं नाही, थोड्या वेळाने आपणच खायचं.

दगडावर इंग्रजीत ली लिहिलंय. शेजारी चिनी अक्षरांची उभी ओळ, आणि तिच्यातलं पहिलं अक्षर ली नाहीच. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी त्याविषयी बोलत नाही. मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही केविनच्या आत्याकडून, भांडी पुसता पुसता.

रेवाने त्या अक्षराच्या खाचेतून बोट फिरवलं. डावीकडे झाड आहे. तिनेच मला मागे शिकवलं होतं, ली लिहितानाही झाड येतं, पण ते वर असतं आणि त्याच्याखाली एक मूल. इथे झाड बाजूला सरकून उभं आहे. दोन्ही नावांचा अर्थ आलुबुखारच, म्हणजे त्याच्या दोन जाती. ती मोठ्याने म्हणाली, "मेई." शनिवारच्या शाळेतलं मँडरिन. बा पाठमोरे होते, डब्यात कागदी नोटा जाळत होते. ते वळलेही नाहीत. हळूच म्हणाले, "मोय."

बस्. उच्चार सुधारला की नाव घेतलं, देव जाणे. त्यांच्या तोंडून ते आडनाव मी काल पहिल्यांदा ऐकलं.

सगळं तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण सॅन ब्रूनोहून आणलेले कागद गाडीत होते.

ते आणायला रेवाला मी घेऊन गेले होते. इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिला हवे होते हे खरं, पण नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये वेळ मी ठरवली, अर्ज मी भरला, कामावर दांडी मी मारली, आणि केविनला सांगितलं नाही तेही मीच. राखाडी पेटीतून त्या बाईंनी फाईल काढून दिली. पहिल्याच पानावर पंधरा वर्षांच्या मुलाचा फोटो, छातीशी नंबर. थाय-ये, बांचे वडील. मी त्यांना म्हातारे म्हणूनच ओळखते, तेही मांच्या बैठकीतल्या भिंतीवरच्या फोटोतून. या फोटोत त्यांचा डावा कान किंचित बाहेर आलेला. केविनचा येतो तसा. रेवाचाही येतो, म्हणून ती केस कानावर घेते.

१९३७ साल, प्रेसिडेंट कूलिज बोट, एंजल आयलंडवर, म्हणजे बोटीने आलेल्या चिन्यांना अडकवून तपासायचे त्या बेटावर, २३ दिवस. आणि मग पानामागून पान प्रश्न. तुमच्या घराला पुढच्या दारी किती पायऱ्या? तांदळाचा रांजण कुठे असतो? गावातली विहीर कुठल्या दिशेला? दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? आईचे पाय बांधलेले की मोकळे? तेच प्रश्न मग त्यांच्या वडलांना, म्हणजे कागदावरच्या वडलांना, वेगळ्या खोलीत बसवून. उत्तरं जुळली नाहीत तर बोट परत.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं होतं. मग एप्रिल १९०६ मध्ये भूकंप झाला, आगी लागल्या, आणि शहराच्या जन्मनोंदी जळून गेल्या. इथल्या पुरुषांना म्हणता येऊ लागलं, माझा जन्म इथलाच. नागरिक ठरलेला माणूस गावी जाऊन आला की नोंदवायचा, मुलगा झाला. झालेला असो नसो, कागदावर एका मुलाची जागा तयार व्हायची आणि ती जागा विकली जायची. मोयांच्या घरच्यांनी तशी एक जागा घेतली आणि मुलाला ली करून बोटीवर बसवलं. सोबत पाठांतराची वही. किनारा दिसायला लागला की ती समुद्रात टाकायची.

त्या वाचनालयात बसून मला रडू आलं होतं. रेवा फोटो काढत होती, एकेक पान सरळ करून. मला वाटलं, किती चांगलं काम करतोय आपण दोघी.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने ते कागद बांच्या पुढ्यात ठेवले. कोंबडीची ताटली बाजूला सरकवून, दोन्ही हातांनी, जसं तिला लहानपणापासून शिकवलंय तसं. म्हणाली, "येये, हे तुमच्या बाबांचे आहेत."

बांनी चष्मा लावला. फोटो पाहिला, खूप वेळ पाहिला. एक पान उलटलं. मग चष्मा काढला, कागद एकत्र केले, कडा टेबलावर ठोकून नीट जुळवल्या आणि ते पालथे घातले. मांकडे बघून होइसानमध्ये काहीतरी बोलले, भरभर. मला त्यातला एकच शब्द कळला. न्गोय-न्गिन. बाहेरची माणसं.

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रेवाने विचारलं, "ते चिडलेत का?" कोणी उत्तर दिलं नाही. मा उठून भांडी गोळा करायला लागल्या. मी मदतीला उठले तर म्हणाल्या, बस, बस. हे तसं रोजचंच वाक्य. काल मात्र मी खरंच बसून राहिले.

गाडीत केविन पार डेली सिटी येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, मला आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, तू नको म्हणाला असतास. तो म्हणाला, हो, नकोच म्हणालो असतो. मागे रेवा कानात यंत्रं खुपसून खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती. मला माहितेय, कारण तिच्या वयात मीही तशीच ऐकायचे.

तो म्हणतो, बा 'न्गोय-न्गिन' शाळेला म्हणाले. मास्तर, वर्गातली पोरं, सरकार. तुला कशाला म्हणतील?

मग माझ्याकडे का पाहिलं?

घरी आल्यावर त्याने मला जे सांगितलं ते त्यानेही मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. १९५६ पासून १९६५ पर्यंत सरकारची कबुलीची योजना होती. कागदावरचं नाव खोटं आहे असं येऊन सांगा, जमलं तर तुमचं कायदेशीर करून देऊ. पण एकाने कबूल केलं की त्याच्या कागदावरचे सगळे उघडे पडायचे, भाऊ, चुलते, त्यांची मुलं. जवळजवळ १४ हजार माणसांनी कबुली दिली. थाय-येंनी दिली नाही. बा आईबरोबर हाँगकाँगहून आले तेव्हा अकरा वर्षांचे होते, १९५९ साल, आल्या दिवसापासून ली. शाळेतून घरी आले की कधी कधी पडदे ओढलेले असायचे आणि थाय-ये दिवा न लावता बसलेले. म्हणजे गल्लीत कोणीतरी कबुली देऊन आलेलं असायचं. बा शेजारच्या खोलीत बसून गणितं करायचे. केविनला हे बांनी सांगितलेलं नाही. त्यालाही आत्यानेच सांगितलंय.

बा उभं आयुष्य या शहरात राहिले आणि त्या बेटावर एकदाही गेले नाहीत. पाचवीत असताना रेवाची सहल गेली होती, भिंतींवर कोरलेल्या कविता बघायला. घरी येऊन ती सांगत होती तेव्हा बा उठून नळाचा वायसर बदलायला गेले होते. तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

कळतं मला हे. वाचूनही कळतं, ऐकूनही कळतं. तरी रात्रभर एकच, पिशवी केविनला का दिली?

रेवाच्या वेळी महिनाभर त्या घरात होते मी. काळ्या व्हिनेगरमध्ये आलं घालून शिजवलेले डुकराचे पाय रोज पुढे यायचे. माझ्या माहेरी अंडंसुद्धा परसात, वेगळ्या भांड्यात शिजायचं. मी ते खाल्लं. महिनाभर डोकं धुवायचं नाही म्हणाल्या, नाही धुतलं. त्यांच्या नववर्षाच्या दिवशी मी केर काढत नाही, काळं नेसत नाही. बांची औषधं, इन्शुरन्सचे फोन, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं माझ्याकडे. त्यांची मुलगी सिॲटलहून फोन करून मला विचारते, बा कसे आहेत. आणि एका फाईलवरून मी बाहेरची होते? अठरा वर्षांत काहीच जमा झालं नाही का माझ्या नावावर?

आत्ता हे वाचून पाहिलं तर हिशेब मांडल्यासारखं वाटतंय. राहू दे.

इथे लिहितेय कारण या घरात माझ्याशिवाय कोणाला हे वाचता येत नाही. रेवा मराठी बोलते, आईशी फोनवर छान बोलते, पण देवनागरी मी तिला शिकवलीच नाही. शनिवारी मँडरिनची शाळा होती, रविवारी पोहणं. मँडरिन पुढे उपयोगी पडेल असं सगळ्यांचं मत पडलं. ती तिच्या येयेंची भाषा नाही, मांची नाही, माझीही नाही.

परवा सॅन ब्रूनोहून येताना तिने मला विचारलं होतं, तुझ्या पणजोबांचं नाव काय? मला सांगता आलं नाही. बाबा दरवर्षी भाद्रपदात तीन पिढ्यांची नावं घेऊन पाणी सोडायचे, मी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं आहे, पण मुलींनी ते पाठ करायचं नसतं आणि मी केलं नाही. आपल्या घरातली कुलपं मी कधी हलवूनही पाहिली नाहीत. त्यांच्या घरातलं मात्र उघडायला निघाले.

झोप येत नव्हती म्हणून आईला फोन केला, तिकडे दुपार होती. विचारलं, वाईच्या घराला पुढच्या दारी किती पायऱ्या होत्या गं? ती म्हणाली, "आता हे काय मधेच? पाच. खालची फुटकी. तिच्यावरच नाही का तू हनुवटी फोडून घेतलीस?"

मी सात म्हटलं असतं. हनुवटीवर वण आहे आणि मी सात म्हटलं असतं. मला त्यांनी परत पाठवलं असतं. १९४३ साली बंदी उठली तेव्हा चिनी माणसांना वर्षाला १०५ जागा मिळाल्या, आपल्याला १९४६ साली १००. मी २००४ साली उतरले तेव्हा खिडकीतल्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला, कुठे काम करणार? शिक्का मारला आणि म्हणाला, वेलकम.

झोपते.

गुरुवार, दुपार

आज बांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. केविनने विचारलं, मी जाऊ का? म्हटलं, नको, मीच जाते. रात्री मनात आलं होतं की आजारी असल्याचं सांगावं. पण त्यांचे थेंबांचे कागद माझ्याकडे, कुठल्या डोळ्यात किती ते मला पाठ.

बा गाडीत बसले, पट्टा लावला, टोपी गुडघ्यावर ठेवली. नेहमीप्रमाणे. जाताना एक अक्षर नाही. दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, म्हणून येताना तो काळा कागदी चष्मा. एकोणिसाव्या अव्हेन्यूवर सिग्नलला थांबलो होतो. ते समोर बघत म्हणाले, "पेपर. हाऊ मेनी स्टेप?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, थ्री. फाईलमध्ये तीन लिहिलंय.

सिग्नल सुटला. पुढचाही मिळाला. मग ते म्हणाले, "नो स्टेप." हात आडवा धरून जमिनीपासून वीतभर उंची दाखवली. दारात लाकूड होतं म्हणाले, आडवं, एवढं उंच. त्यावर मी बसायचो. आजी काठीने मारायची, त्यावर बसत नाहीत म्हणून.

उंबरा. मी मराठीतच म्हणाले, "उंबरा." आणि मग इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडेही बसू देत नाहीत, माझी आजीही ओरडायची. त्यांनी मान हलवली, जशी काही सगळीकडच्या आज्या मारणारच. मग म्हणाले, त्या तीन पायऱ्या दुसऱ्या कोणाच्या घराच्या. बाबांनी कधी पाहिलंही नव्हतं ते घर. पण झोपेतसुद्धा विचारलं तर तीन म्हणायचे, म्हातारपणीसुद्धा. शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्सला सांगत होते, तीन.

एवढं सलग बोललेले बा मी पाहिले नव्हते. आणखी काही विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही. खिडकी थोडी खाली केली, त्यांना वारा आवडतो.

घरी पोचलो तर मा दारातच उभ्या. "सिक चो फान मेई?" जेवलीस का? पुण्यामुंबईत कोणी कोणाला विचारतं तसंच, पण त्यांच्याकडे तो हाक मारण्याचाच प्रकार आहे. मी नाही म्हटलं. आत नेऊन बसवलं आणि वाडग्यात मऊ भाताची पेज वाढली, वर कांद्याची पात, आल्याचे बारीक काप. मी खात होते तर समोर बसून राहिल्या. भिंतीवरच्या थाय-येंच्या फोटोखाली, पुजेच्या फळीवर, रेवाचे ते कागद होते. संत्र्यांच्या ताटलीखाली नीट ठेवलेले. पालथेच.

निघताना पिशवी नव्हती. मी वाट पाहिली, बूट जरा सावकाशच घातले, पण नव्हती. गुरुवारी कधी असते, कधी नसते. आजवर मी कधी लक्ष ठेवलं नव्हतं. आता ठेवणार असं दिसतंय, आणि ती रविवारी कोणाच्या हातात जाते हेही बघणार. त्या माझ्यावर रागावल्या असतील तर रागावू देत. आईही मला वर्षानुवर्षं रागावून आहे, इतक्या लांब आले म्हणून, आणि फोन उचलतेच की.

आत्ता रेवा शाळेतून आली. दप्तर टाकायच्या आधी विचारलं, येये काही बोलले का?

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले डोळ्यातलं प्रेशर कमी झालंय. तेही खरंच आहे. ती हो म्हणाली आणि वर गेली. कागद दिल्यापासून ती येयेंना फोन करत नाही, ते करतील म्हणून थांबलीय.

तिला उंबऱ्याचं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. चार दिवसांपूर्वी मी धावत जाऊन सांगितलं असतं, तिने लिहून घेतलं असतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तपासणी आहे, दीडची वेळ दिलीय. शाळा सव्वातीनला सुटते. चारच्या पुढची मिळते का विचारायला आत्ता दवाखान्यात फोन लावलाय, त्यांनी होल्डवर ठेवलंय.